अव्वाचा घोट

उमाशंकरने बहिणीच्या बॅगेतून दोन बाटल्या काढल्या आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर आपटल्या.

"बघ अव्वा. तुझी लेक परदेशात लॅबमध्ये हाय म्हणून मी लातूरभर सांगत फिरलो. ही बघ तिची लॅब."

कमलम्मा तुरीची डाळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं, पण मान वर केली नाही. लेक घरात आल्यापासून त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलंच नव्हतं.

शिवकन्या दारात उभी होती. 'अव्वाला अटॅक आलाय, मिळेल त्या विमानाने ये,' असा भावाचा निरोप तिला ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला मिळाला होता. रडत रडत ती लातूरला पोचली, तेव्हा आई अंगणात धडधाकट बसली होती. तिच्या लग्नासाठी उदगीरचा मुलगा ठरल्यातच जमा होता. पासपोर्ट 'सांभाळून ठेवतो' म्हणून भावाने मागून घेतला आणि आपल्या कपाटात कुलूपबंद केला.

तिकडे पुढच्या महिन्यात द्राक्षांची तोडणी सुरू होणार होती. ती जिथे वाइन करायला शिकत होती, तिथल्या मालकिणीने यंदा पहिल्यांदाच तिला एक पिंप वाइन स्वतःच्या जबाबदारीवर करायला दिली होती. गेल्या वर्षी तिने करू लागलेल्या वाइनच्या या दोन बाटल्याही निघताना मालकिणीनेच दिल्या होत्या. इथे वहिनी काठाच्या साड्या आणून दाखवत होती. सगळे गोड बोलत होते. दारं उघडी होती, पण बाहेर पडायला वाट नव्हती.

"अण्णा, मला जाऊ दे," ती म्हणाली.

"उद्या पाहुणे येणार." उमाशंकरचा आवाज आता खाली आला. "बाप गेल्यावर तुझं सगळं मीच बघितलं ना? तुझ्या वाईटावर हाय का मी? लिंगायताची पोर दारू गाळती, हे कळलं तर कोण करील तुला? हे मोरीत ओत, अन् तिकडचं नाव काढू नको."

शिवकन्येने एक बाटली उचलली. तिला वाटलं, ओतून टाकावं. संपवावं एकदाचं.

"थांब," कमलम्मा म्हणाल्या. "चव तरी बघू दे."

"अव्वा!"

"लेक काय करती, ते मला कळायला नको?"

उमाशंकर क्षणभर घुटमळला. मग स्टूल ओढून बसला. "चाख. कळू दे तुला बी."

शिवकन्येने झाकण फिरवलं. फुलपात्रात घोटभर वाइन ओतली.

"ही टेंप्रानियो. द्राक्ष मूळचं स्पेनचं, पण वाढलं ऑस्ट्रेलियाच्या मातीत."

"म्हणजे सासरी नांदलेलं," कमलम्मा म्हणाल्या.

"आधी वास घे. मग जिभेवर जरा धर. गिळायलाच पाहिजे असं न्हाई. थुंकलं तरी चालतं."

कमलम्मांनी गळ्यातलं लिंग पदराआड केलं. डोळे मिटून वास घेतला. घोट तोंडात धरला आणि मोरीत थुंकला. मग दुसऱ्या बाटलीतली, 'गार्नाचा' नावाच्या द्राक्षाची वाइन चाखली. तीही थुंकली. शिवकन्या आईच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"लई वाईट," कमलम्मा म्हणाल्या. "तुरट. कच्चं. ह्याला काय शिकणं म्हणतेत?"

शिवकन्येच्या डोळ्यांत पाणी आलं. उमाशंकर हसला. "ऐकलंस? मी काय म्हणत होतो?"

"मी बी तेच म्हणते." कमलम्मांनी पदराने तोंड पुसलं. "हिला अजून काही येत न्हाई. अर्धवट शिकलेली लेक मी कुणाच्या घरात देणार न्हाई. हिचा पासपोर्ट आण."

उमाशंकरला आधी समजलंच नाही. "अन् उद्याचे पाहुणे?"

"येऊ दे. जेवून जातील."

"मी त्यांना शब्द दिलाय, अव्वा."

"मला अटॅक आला, हा बी तुझाच शब्द होता. तवा मी गप बसले. उद्या पाहुण्यांनी माझी तब्येत विचारली, तर गप बसणार न्हाई."

उमाशंकर उठला. त्याने आईकडे पाहिलं आणि तसाच आत गेला. कपाटाचं कुलूप वाजलं. बाहेर येऊन त्याने पासपोर्ट ओट्यावर ठेवला, चपला घातल्या आणि बहिणीकडे न बघता मोंढ्यातल्या बाजाराकडे निघून गेला.

शिवकन्येने पासपोर्टला हात लावला नाही. सुटका झाली, तरी तिच्या छातीवरचं ओझं हलेना.

"अव्वा, खरंच इतकी वाईट झालीय?"

कमलम्मांनी दाराबाहेर नजर टाकली. मग, ती आल्यापासून पहिल्यांदाच, लेकीच्या डोळ्यांत पाहिलं आणि फुलपात्र पुढे केलं.

"ओत अजून थोडी. चांगली हाय म्हणलं असतं, तर तुझा भाऊ म्हणला असता, झालं की मग शिकून!"