टाकीचं झाकण

"एक मच्छरदाणी हवी होती," शेजारचे काका दारातूनच म्हणाले. "लेक येतेय, नातवाला घेऊन. मोठ्या पलंगाची हवी. तुमच्याइतकी पक्की शिवण कुणाची नाही."

शिवणकाम करणाऱ्या बाईने मशीनचं चाक हाताने थांबवलं. स्वतःची पोरगी गेल्यापासून ती या माणसाशी एक अक्षरही बोलली नव्हती. आणि आज तोच तिच्या दारात उभा राहून नातवासाठी मच्छरदाणी मागत होता. माणसाच्या निर्लज्जपणालाही काही झाकण असतं. यांचं ते टाकीच्या झाकणाबरोबरच उडालं असावं.

काकांच्या गच्चीवरची पाण्याची टाकी तिच्या खिडकीच्या बरोबर वर होती. गेल्या वर्षी वादळात तिचं झाकण उडालं. बाईने एकदा गोडीने सांगितलं, एकदा चढ्या आवाजात सांगितलं. काका हसले होते. "अहो, आपलं गाव उंचावरचं, थंड. इथे डास औषधालाही सापडायचा नाही."

पूर्वी ते खरं होतं. पण अलीकडे थंडीने हात आखडता घेतला होता. पाऊस दोन दिवस कोसळायचा आणि मग आठवडाभर कडक ऊन पडायचं. साचलेलं पाणी तापायचं आणि त्यात डासांची पिलावळ वळवळायची. खालच्या गावांतला हिवताप घाट चढून वर आला. ज्यांच्या सात पिढ्यांनी मच्छरदाणी पाहिली नव्हती, ते बाईच्या दारात रांग लावू लागले. झबली आणि परकर शिवणारी बाई एका पावसाळ्यात मच्छरदाणीवाली झाली. गिऱ्हाईक आधी, घरचं मागून, हा तिचा नेमच होता. स्वतःच्या ब्लाउजला हुक लावायला सवड नव्हती, सगळा कारभार सेफ्टी पिनेवर चालायचा.

त्याच गडबडीत पोरगी आजारी पडली. त्या टाकीतून डासांची अशी फौज निघायची की मच्छरदाणी लावली तरी आत शिरायची. पोर सकाळी उठून कोपरं खाजवत बसायची. मग हुडहुडी भरून ताप आला, ताप मेंदूत गेला, आणि हसतीखेळती पोर हातची गेली. त्यानंतर काकांनी टाकीला नवं झाकण बसवलं, तारेने करकचून बांधलं. बैल गेला आणि झोपा केला.

"कापड संपलंय," असं सांगायला बाईने तोंड उघडलं. ते खरंही होतं. यंदा उन्हाळा लवकर लागला आणि जाळीचं कापड बाजारातून केव्हाच उडालं होतं. पण तोंडून दुसरंच निघालं.

"एक आहे शिवलेली. जरा हात फिरवून ठेवते. संध्याकाळी या."

काका मान डोलावून गेले. बाईने दाराला कडी घातली आणि ट्रंक उघडली. तळाशी पोरीची मच्छरदाणी होती, मोठ्याच पलंगाची. घडी घालून ठेवल्यापासून तिने ती उलगडली नव्हती. आता उलगडली आणि जमिनीवर पसरली. मनात सगळं आधीच शिवून तयार होतं. उशाकडच्या बाजूला, झालरीच्या खाली, छत आणि भिंत जोडणारी शिवण चार बोटं उसवायची. वरून झालर पडली की कुणाला दिसणार? ज्याला दिसायला हवं त्या डासाला दिसेलच. बाहेर दोन दिवसांच्या पावसानंतर लख्ख ऊन पडलं होतं. असंच हवं होतं तिला. कळू दे म्हाताऱ्याला, रक्ताचं माणूस तापाने फणफणतं तेव्हा काय होतं ते. नातू लहान आहे, असं एकदा मनात आलं. माझीही लहानच होती, म्हणत तिने ते झटकून टाकलं.

ब्लेड हातात घेऊन तिने झालर वर केली.

उसवायला शिवणच सापडेना.

तिच्या कामाची एक रीत होती. आधी तांबड्या दोऱ्याने कच्चा टाका घालायचा, मग मशीनवर दुहेरी टीप मारायची, आणि टीप झाली की तांबडा दोरा ओढून काढायचा. गावात कुणाच्याही मच्छरदाणीत तांबडा दोरा दिसला नसता. इथे मात्र सगळं छत त्या तांबड्या दोऱ्यावरच लोंबकळत होतं. उशाकडे तो तुटला होता. तिथे मूठ आत जाईल एवढी वाट उघडी पडली होती.

बाई त्या भोकात हात घालून बसून राहिली. तिला सगळं आठवलं. दारात गिऱ्हाईक खोळंबलं होतं. तिने ही मशीनवरून उतरवली होती. राहू दे, घरचीच आहे, टीप मग मारू, असं स्वतःशी म्हणाली होती. आणि पोर रोज सांगायची, "आई, आत डास येतो गं." ती मशीनवरूनच ओरडायची, "नीट खोचत नसशील गादीखाली!"

ऊन कललं तेव्हा काका आले. कडी काढलेली होती. आत मशीन धडधडत होतं आणि बाई पांढऱ्या जाळीवर वाकून बसली होती. डोळ्यांतलं पाणी कापडावर पडत होतं. तिने ते पुसलं नाही. हात थांबवला नाही.

"झाली का, ताई?" काकांनी दबकत विचारलं.

"थोडं थांबा, काका," मान वर न करता ती म्हणाली. "एवढी टीप राहिलीय. गेल्या वर्षीपासून."