शंभराचं डिझेल

"सुटे परत नकोत मला, अख्खं ठेवून घ्या," म्हणत यमुनाताईंनी सोन्याचं नाणं पेट्रोलपंपावरच्या माणसापुढे धरलं. मागे शेजारच्या सुर्व्यांच्या जीपमध्ये त्यांची सून कळा देत होती आणि हॉस्पिटल घाटापलीकडे होतं.

वादळाने वीज, मोबाईल, बँक सगळंच ठप्प केलं होतं. घरातल्या नोटा छपराच्या पत्र्यांपायी संपल्या होत्या. उरलं होतं सुनेच्या ओटीत घातलेलं हे नाणं.

पंपवाला ओशाळला. "आजी, खरं-खोटं मला काय कळणार? आणि मालकाला संध्याकाळी रोकडच द्यावी लागते." तरी त्याने जनरेटरवर पंप चालवून स्वतःच्या खिशातल्या शंभराचं डिझेल घातलं.

"वाटेत सोनाराकडे बघू," सुर्वे म्हणाले. पण सोनाराच्या दुकानावर माड कोसळला होता आणि आसपास कुणीच नव्हतं.

डिझेल घाटाच्या निम्म्यातच संपलं. सुर्वे एखादं वाहन थांबवायला पुढे धावले, पण रस्ता रिकामाच होता. सून किंचाळली. "घाबरू नको गं, मी आहे ना," म्हणत यमुनाताईंनी पदर खोचला.

बाळंतपण त्यांनी आजवर कुणाचंच केलं नव्हतं.