एक आणून दे

अमरावतीच्या बसने मूर्तिजापूर सोडलं तेव्हा श्यामच्या फोनवर निरोप आला, "चारच्या आत खोलीवर आण."

त्याने वाचलं आणि फोन खिशात ठेवला. काही वाटलं नाही. जानेवारीपासून तसं काही वाटतच नव्हतं.

जानेवारीत, डेटिंग अ‍ॅपवर ओळख झालेल्या एका पुरुषाला भेटायला तो अकोल्याहून अमरावतीला गेला होता. खोलीत पाच मिनिटांनी आणखी तिघं शिरले. त्यांनी त्याला मारलं, कपडे काढायला लावले आणि व्हिडिओ केला. त्यांच्या म्होरक्याला सगळे दादा म्हणत. पैसे उकळून झाल्यावर दादाने दुसरी वाट दाखवली. अ‍ॅपवरून एक माणूस आणून दे, तुझा व्हिडिओ पुसतो. नाहीतर प्रणालीच्या सासरच्या ग्रुपवर टाकतो. प्रणाली श्यामची धाकटी बहीण. तिच्या लग्नाला दीड महिना झाला होता.

श्यामने अ‍ॅपवर शोधलेला माणूस म्हणजे बंडू, चांदूर बाजारचा. बारा दिवस बोलणं चाललं. स्वतःच्या फोटोआधी त्याने झोपेच्या गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो पाठवला होता. श्यामही त्याच गोळ्या घेत होता. बारा दिवसांत तेवढंच त्याने बंडूला खरं सांगितलं.

अमरावतीच्या बसस्थानकासमोरच्या हॉटेलात बंडू आधीच येऊन बसला होता. पंचविशीचा, इस्त्रीच्या शर्टातला. त्याने दोन चहा सांगितले. श्याम काय करतो, घरी कोण आहे, काही विचारलं नाही. स्वतःचंच सांगत राहिला. घरचे मुली पाहत होते. वावरातल्या विहिरीकडे एकटं जायचं तो हल्ली टाळत होता.

साडेतीन झाले. खोली दोन गल्ल्यांपलीकडे होती.

"चला मंग, भाऊ," बंडू म्हणाला.

श्याम उठला नाही. लॅबमध्ये तो रोज पन्नास-साठ जणांचं रक्त काढायचा. अकरा वर्षांत एकदाही त्याने, आता थोडं टोचेल, असं सांगितल्याशिवाय सुई लावली नव्हती. तान्ह्या लेकरालासुद्धा सांगायचा.

"तू जाय इथून," तो म्हणाला. "खोलीवर चौघं बसून आहेत. माझ्यासंग असंच केलं त्यायनं. तुले आणलं का माझा व्हिडिओ पुसतो म्हणाले."

"अन् नाही आणलं तं?"

"बहिणीच्या सासरी पाठवतीन."

"तरी सांगून राहिले?"

"जाय म्हटलं ना."

चहाचा पेला अजून गरम होता. बोटांना चटका बसतो आहे हे श्यामला आत्ता कळलं. कितीतरी महिन्यांनी काहीतरी कळलं होतं. त्याने पेला सोडला नाही.

बंडूचा चेहरा तसाच राहिला. त्याने खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"दादा, तुम्ही म्हटलं तसं पारखून पाहिलं, यानं बी सांगून टाकलं," तो म्हणाला. "आता तरी माझा व्हिडिओ पुसा."