आधी तुम्ही

"नकोत म्हटलं ना गोळ्या!" ड्रायव्हरकाकांनी डबी टेबलावरून परत ढकलली. "बायको होती तोवर घेतल्या. ती हातावर ठेवायची, मी गिळायचो. आता कोणासाठी घेऊ?"

समोर औषधोपचार केंद्रातली ताई बसली होती. काका दोन महिने केंद्राकडे फिरकले नाहीत, म्हणून ती घरी आली होती. एचआयव्हीच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर काय होतं, हे तिने त्यांना फोनवर सांगून सांगून घसा कोरडा केला होता. आजार पुन्हा डोकं वर काढतो, आणि मग तीच गोळी लागू पडेल याचा भरवसा नाही. काका "हो हो" म्हणायचे. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, प्रवाशांच्या तक्रारी या कानाने ऐकून त्या कानाने सोडायची सवय होती त्यांना.

आज ताईने उपदेश केला नाही. कापडाचे रंगीबेरंगी तुकडे जोडून शिवलेली पिशवी तिने खांद्याला अडकवली आणि उठता उठता म्हणाली, "बरं, राहू दे. पण काका, माझं एक काम कराल?"

"बोल की."

"एक बाई आहेत. शिवणकाम करतात, दिवसभर घरात एकट्याच. गोळी घ्यायचा भारी कंटाळा करतात. माझं तर मुळीच ऐकत नाहीत. संध्याकाळी कोणी समोर बसलं तर घेतील. जाल का तुम्ही? त्यांना तुमच्याबद्दल सांगितलं तर चालेल ना?"

"सांग की! कंटाळा कसला करतात? जिवाशी खेळ आहे हा!" काका उसळले. आपण काय बोलून बसलो हे त्यांना कळलं, तोवर ताई चपला घालून पायऱ्या उतरत होती.

दुसऱ्या दिवशी काका शिलाईबाईंकडे गेले. एकच खोली. खिडकीपाशी मशीन, कोपऱ्यात कापडाच्या तुकड्यांचा ढीग, पत्र्याच्या डब्यात बटणं. बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

"आधीच सांगते, मला धाक दाखवलेला चालत नाही. आधी तुम्ही घ्या, मग मी घेईन."

आता आली का पंचाईत! ताई टेबलावरच ठेवून गेलेली डबी काकांनी नुसती दाखवायला आणली होती. पण बाई मशीन थांबवून बघत बसल्या. शेवटी काका गोळी तोंडात टाकून पाणी प्यायले. मग बाईंनी मशीनचा खण उघडून एक पांढरी गोळी काढली आणि चक्क कुडुमकुडुम चावून खाल्ली.

"अहो, कडू लागत नाही?"

"सवय झालीय."

काकांची गोळी लांबुळकी, बाईंची गोल. ज्याचं औषध त्याला. दुसऱ्याच्या दुखण्यात नाक खुपसायचं नाही, हा केंद्राच्या बाकावर बसणाऱ्यांचा रिवाजच होता. काकांनी तो मोडला नाही.

मग ते रोज जाऊ लागले. मशीनला तेल घालून देऊ लागले. खिडकीची करकरणारी बिजागरी त्यांनी दुरुस्त केली. बाईंनी त्यांच्या सदऱ्याची तुटलेली बटणं लावून दिली, तीही न विचारता.

"उशीर केलात आज. बसही अशीच चालवायचात?" बाई विचारायच्या.

"माझ्या बसला उशीर? लोक माझी बस बघून घड्याळं लावायचे!"

"बंद पडलेली असतील."

काका खो खो हसायचे. बायको गेल्यापासून ते इतकं हसले नव्हते.

एका संध्याकाळी मात्र काकांनी गोळी घेतली तरी बाईंनी खण उघडलाच नाही. "वीट आला बाई या गोळीचा," त्या म्हणाल्या. "सोडूनच देते आता."

काकांचा चेहरा पडला. "असं नका करू हो," ते म्हणाले. "बायको माझ्या डोळ्यांदेखत गेली. मला काही करता आलं नाही. तुम्ही तरी ऐका. तुम्हाला काही झालं तर मी संध्याकाळी जायचं कुठे?"

बाईंनी पदराने डोळे टिपून खण उघडला.

पुढच्या तपासणीला काका स्वतःहून केंद्रात गेले. रिपोर्ट पाहून ताई खुर्चीतून उठलीच. "काका, फार छान! विषाणू जवळजवळ सापडतच नाहीये."

"माझं राहू दे गं. शिलाईबाईंचं कसं आहे?"

"पुष्कळ बरं आहे त्यांना."

"असणारच!" काकांनी छाती फुगवली. "मी आहे तोवर त्यांची गोळी चुकणार नाही. लिहून घे."

ताई हसली. तिने मान फिरवून उगाच खिडकीबाहेर पाहिलं.

त्या संध्याकाळी नेहमीसारखा गोळ्यांचा कार्यक्रम झाला, चहा झाला, घड्याळावरून भांडणही झालं. काका खुशीत शीळ घालत गेले. थोड्या वेळाने दार पुन्हा वाजलं. शिलाईबाईंनी उघडलं.

ताई आत आली आणि तिने तुकड्यांची पिशवी दारामागच्या खिळ्याला अडकवली. "आई, डॉक्टर भेटले होते. म्हणाले, तुझे गुडघे आता ठणठणीत आहेत. कॅल्शियमची गोळी बंद केली तरी चालेल."

"माझी बंद झाली की त्यांचीही होईल," आई म्हणाली आणि तिने हात पुढे केला. "नवी बाटली आणली असशील ती दे इकडे."