सुंगटांची सालं

सुमंगलाने वडिलांच्या पायाची पट्टी सोडली आणि तिचा हात तिथेच थांबला. जखमेत गुलाबीसर भुकटी चिकटून बसली होती. ती कसली, हे तिला विचारावं लागलं नाही. कडेचं मांस घोट्याच्या वरपर्यंत काळं पडलं होतं. पंधरा दिवसांपूर्वी डॉक्टर म्हणाले होते, जखम स्वच्छ ठेवा, पाय वाचेल. आता तो वाचणार नाही हे कळायला डॉक्टर लागत नव्हता.

भिकाजींचा डोळा लागला होता. तीस वर्षं खाणीवर ट्रक चालवलेला माणूस. मधुमेहाने पायाची जाणीवच नेली होती, त्यामुळे दुखतंय असं ते कधी म्हणालेच नाहीत.

ती स्वयंपाकघरात गेली. आई सरस्वती सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत बसली होती, सालं वेगळ्या ताटात ठेवत होती. ती सालं वाळवून सरस्वती दर महिन्याला लेकीसाठी डबा भरून ठेवायची, शेजारणींकडूनही मागून आणायची. लेक पणजीला कॉलेजात त्यांच्यापासून जखमेवर लावायची पट्टी बनवते, याचं तिला भारी कौतुक.

सुमंगलाने विचारल्यावर तिने काहीच लपवलं नाही.

"तूच सांगलंलंस मा गो, सुंगटाच्या सालान उंदराचा मास भरान इला म्हणान. मियां वाटून लायलंय. तुझा औषद म्हणान सांगलंय, नायतर ते लावन घेवचे नाय."

चतुर्थीला जेवताना सुमंगलाने प्रयोगातल्या उंदरांचं सांगितलं होतं खरं. मांस भरत आलं की पट्टी अंगातच विरघळून जाते, हेही मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. त्याआधी सालं कित्येक दिवस आम्लात धुवावी लागतात, जंतू मारावे लागतात, आणि माणसाला लावायची अजून परवानगीच नाही, हे मात्र सांगायचं राहिलं. आईला कळेल असं सोपं करून सांगावं, असं तिला वाटलं होतं. त्या सोपेपणाची तिला आता लाज वाटली.

"बरो होयत मा पाय?" आईने विचारलं.

कापावा लागेल, असं सुमंगलाने सांगितलं. सरस्वतीच्या हातातलं सुंगट तसंच राहिलं. मग म्हणाली, "तेंका सांगू नको, मियांच वाटून लायलंय म्हणान."

दोघी बाहेर आल्या तेव्हा भिकाजी उठून बसले होते आणि उघड्या पायाकडे बघत होते. आतलं सगळं त्यांच्या कानावर गेलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

"तुझा औषद लागू पडाक नाय गो?" त्यांनी विचारलं.

सुमंगलाने आईकडे पाहिलं नाही. "नाय, बाबा. माझाच चुकला."

भिकाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"असांदे," ते म्हणाले. "उंदीर तरी बरे झाले मा."