उतरलेला सूर

"इथे मी नेमकं किती थांबायचं?" बासरी वाजवणाऱ्या बाईंनी विचारलं, आणि तालमीच्या हॉलमधली कुजबूज थांबली.

समोर खुद्द संगीतकार उभा होता. नाव झाल्यावर या शहरात तो पहिल्यांदाच आला होता, आपली गाजलेली रचना स्वतः बसवून घ्यायला. तिच्या मधल्या संथ भागात बासरी एकटीच वाजते, वाजता वाजता अडते, आणि पुन्हा सुरू होते तेव्हा सूर किंचित उतरलेला असतो. त्या उतरलेल्या सुराने लोकांना वेड लावलं होतं. कुणी म्हणे, आई गेली तेव्हा सुचलं. कुणी म्हणे, प्रेमभंग. संगीतकाराने आजवर ताकास तूर लागू दिली नव्हती.

"शर्टाची बाही उलटेपर्यंत थांबा," तो म्हणाला.

हशा पिकला. तोही हसला. "खरंच सांगतो. कडकीच्या दिवसांत मी इथेच राहायचो, पुलापलीकडे, एका भाड्याच्या खोलीत. भिंत कसली, पुठ्ठाच तो. पलीकडे एक बाई दुपारी इस्त्री करता करता गुणगुणायच्या. शब्द नाहीत, काही नाही. बाही उलटायची वेळ आली की थांबायच्या, आणि परत धरताना सूर जरा खाली यायचा. मी नुसतं लिहून घेतलं. तेवढा सूर सुधारू नका. सगळा जीव तिथेच आहे."

दुसऱ्या रांगेतल्या एका व्हायोलिनवाल्याचा हात खाली आला. पुलापलीकडे, त्या पुठ्ठ्याच्या अलीकडे, तो तेव्हापासून राहत होता. शेजारच्या खोलीतल्या या पोराला तेव्हा तो ढापण्या म्हणायचा आणि जिन्यात गाठ पडली की पाहून न पाहिल्यासारखं करायचा. ढापण्याने आज त्याला ओळखलंही नव्हतं.

"काय रे, तोंड का उतरलं?" बाजूच्याने विचारलं.

"डोकं चढलंय."

मधल्या सुट्टीत तो व्हायोलिन पेटीत घालून सरळ घरी निघाला. वाटेत त्याचं डोकं नुसतं भणभणत होतं. ढापण्याने आपल्या बायकोचा हात धरला असता, तर भांडता तरी आलं असतं. चार शिव्या हासडून मोकळं होता आलं असतं. पण या माणसाने नेलं ते असं, की ते आपल्या घरात होतं हेच आपल्याला ठाऊक नव्हतं. आणि आपण काय करत होतो त्या वर्षांत? आतल्या खोलीत दार लावून स्वतःची एक रचना घोटत होतो. तिचा शेवट अजून सापडलेला नाही.

बायको टेबलावर कपडे पसरून उभी होती. इस्त्री तापली होती. खोलीत चिडीचूप.

"आज लवकर?"

"सुटली तालीम." तो खुर्चीत बसला. "अगं, तो ढापण्या आठवतो का? शेजारचा?"

"तो होय! मोठा माणूस झाला म्हणे आता."

"आपल्याकडे यायचा तो?"

"आला होता एकदा. कॉलर करपवून बसला होता, काही करता येईल का म्हणून विचारायला." ती हसली. "वेंधळाच होता बिचारा."

बिचारा! त्याला मिरची झोंबल्यासारखं झालं.

"तू गुणगुणतेस म्हणे काम करताना."

इस्त्री जागच्या जागी थांबली. मग कापड जळेल म्हणून तिने ती उचलली. "कोण म्हणालं?"

"सहज विचारतोय. माझ्या कानावर कधी आलं नाही."

"तुमच्यासमोर कशी गाणार? सूर जरा हलला की तुम्ही मान वर करता."

"बोललो का मी कधी काही?"

"बोलला असतात तर बरं झालं असतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता.

सांगून टाकावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. रेडिओवर ती धून लागली की ही 'छान आहे हो' म्हणायची आणि कामाला लागायची. अगं वेडे, ती तुझीच आहे. एवढं म्हणायचा अवकाश, तिचा चेहरा कसा उजळला असता! पण तो उजेड ढापण्याचा. आणि आपण तो आपल्या हाताने आणून द्यायचा?

"म्हण की आता काहीतरी," तो म्हणाला.

तिने शर्टाकडे पाहिलं. ओठ विलग झाले, पुन्हा मिटले. "असं सांगून येतं होय?"

"बरं. ब्लेड संपलीत, आणतो," म्हणून तो बाहेर पडला.

कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत तो गेलाच नाही. एक मजला उतरून कठड्याला टेकून उभा राहिला, आणि मग चोरासारखा, पायऱ्यांवर चवडे टेकत परत वर आला. स्वतःच्या दाराला त्याने कान लावला.

ती गात होती. मोकळी, हलकी, कुणालाच न ऐकवता. धून तीच नव्हती. नवीच होती, आणि त्याहून देखणी. किल्ली खिशात होती. दार उघडावं की उघडू नये, या विचारात त्याचा हात नकळत बेलकडे गेला.

पलीकडचं, ढापण्याच्या जुन्या खोलीचं दार किलकिलं झालं. नुकताच राहायला आलेला कुणी तरुण भाडेकरू दारात होता, हातात चहाचा कप. त्याने व्हायोलिनवाल्याला कधी पाहिलेलं नव्हतं. त्याने घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं.

"बेल नका वाजवू एवढ्यात," तो कुजबुजला. "कुणी आलं की त्या थांबतात."