एका दमाचा पेला

ताईंच्या पणजोबांनी तो पेला फुंकला, आजोबांनी तो दारूने भरण्याचा रिवाज घातला, वडिलांनी तो रिवाज मिशांना पीळ देत मिरवला. आणि आज भरदुपारी तोच पेला काचेच्या भट्टीसमोर ताईंच्या पायाशी रिकामा लोळत होता. शेजारी भट्टीवाल्या काकांचा बावीस वर्षांचा नातू उताणा पडला होता.

सकाळी त्याने आपली पहिली सुरई निर्दोष फुंकली होती. पहिली सुरई उतरली की कारागिराने हा पेला एका दमात रिता करायचा, कारण काच फुंकणाऱ्याची सारी पुंजी म्हणजे त्याची छाती. कारखाना हाती येताच ताईंनी हा रिवाज बंद केला. पेला मात्र कपाटात जपला; वाडवडिलांची खूण मोडवेना. आज त्या तासभर बाहेर गेल्या आणि कपाट उघडले गेले.

"पाऊण बाटली, पण पठ्ठ्यानं घोट तोडला नाही!" मुकादम कौतुकाने म्हणाला. "आता घोरतोय. झोपू द्या ताई, उतरेल."

ताई गुडघ्यांवर बसल्या. नातवाचे ओठ निळसर, हात गार. त्यांनी हाका मारल्या, कानाची पाळी चिमटली; पापणी हलली नाही. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत त्यांनी श्वास मोजले. मिनिटाला सहा.

"ही झोप नव्हे. अँब्युलन्स बोलवा."

"अहो, बोभाटा होईल! कारखान्याला टाळं लागेल. लिंबूपाणी पाजतो, डोक्यावर बादलीभर पाणी—"

"थेंबही पाजायचा नाही. त्याला गिळायची शुद्ध नाही, सगळं छातीत जाईल. आणि गार अंगावर गार पाणी कसलं ओतता? टाळं लागलं तर कुलूप मी आणून देईन. फोन लावा!"

त्यांनी नातवाला कुशीवर वळवले. त्याच क्षणी उलटी आली आणि जमिनीवर वाहून गेली. उताणा असता तर ती घशातच राहिली असती. ताईंनी आपल्या पदराने त्याचे तोंड पुसले.

"पेला रिकामा झाला म्हणून दारू थांबत नाही, मुकादम. पोटातली अजून रक्तात चढतेच आहे."

"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

ताई श्वास मोजत होत्या. पाच. चार. मग काहीच नाही. नाडी मात्र चालू होती.

त्यांनी त्याला पुन्हा उताणे केले, हनुवटी वर केली, नाक चिमटीत धरले आणि फुंकर घातली. काचेत फुंकताना धसमुसळेपणा चालत नाही. इथेही छाती वर येईल तेवढेच, मोजून. पुन्हा. पुन्हा. फाटकात अँब्युलन्स येईपर्यंत त्यांनी एकही फुंकर चुकवली नाही. काका फावडे धरून भट्टीपाशी उभे होते.

तिसऱ्या दिवशी नातवाने डोळे उघडून आजोबांना ओळखले. संध्याकाळी काका कारखान्यात आले, तेव्हा ताई पेला हातात घेऊन उभ्या होत्या.

"काका, ज्या दिवशी हाच पेला पिऊन तुमचा मुलगा गेला, त्या दिवशी त्याच्या उशाशी मी बसले होते. दहा वर्षांची होते. श्वास विरळ होत गेले, ते मी मोजले. वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, 'गप्प बस, घराण्याची शोभा होईल.' आणि मी गप्प बसले."

काकांनी पेला घेतला, फावड्यावर ठेवला आणि भट्टीत सरकवला. पणजोबांच्या पेल्याने आधी मान टाकली, मग कड सोडली, आणि तो साध्या काचेत मिसळून गेला.

"ठाऊक होतं मला," काका म्हणाले. तीस वर्षे 'ताई' म्हणणाऱ्या त्यांनी आज पहिल्यांदाच तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या घराकडे माझ्या लेकाचा श्वास अडकला होता, पोरी. परवा तू तो आपल्या छातीतून काढून नातवाला दिलास. फिटलं."